सहीचं पान आणि त्यावरचा आकडा

स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' ही कादंबरी १९७५ मध्ये अमेरिकेत डबलडे या संस्थेनं प्रसिद्ध केली. पिशाच्चांनी हळूहळू गिळून टाकलेल्या एका गावाची ही गोष्ट. आपल्याकडे कितीतरी जणांना ती आधी नारायण धारपांच्या 'लुचाई'मधून भेटली. 'सेलम्स लॉट'च्या वेष्टनाच्या, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी आवरणाच्या, आतल्या घडीवर एक चूक राहिली होती. गावच्या धर्मगुरूचं नाव फादर कॅलहन, पण छापलं गेलं फादर कोडी. (कोडी हा कादंबरीतला डॉक्टर.) त्यात घडीच्या कोपऱ्यात किंमत छापलेली होती ८.९५ डॉलर, आणि पुस्तक बाजारात जायच्या आत ती ७.९५ करायचं ठरलं. मग छापून झालेल्या वेष्टनांचे कोपरे कापले आणि त्यांवर नवी किंमत छापली. पुढे नावही दुरुस्त झालं.

म्हणजे एकाच पहिल्या आवृत्तीची तीन वेष्टनं झाली. जुनी किंमत आणि चुकलेलं नाव, कापलेला कोपरा आणि चुकलेलं नाव, नवी किंमत आणि बरोबर नाव. आतलं पुस्तक तिन्हींत तेच. तरीही कोपरा शाबूत असलेली ८.९५ ची प्रत आयुष्यभर शोधूनही न मिळालेले संग्राहक आहेत, आणि तिसऱ्या प्रकारची प्रत थोडी वाट पाहिली तर मिळते. दोन बोटं रुंद कागदाच्या तुकड्यानं किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो.

हे नवख्या माणसाला वेडेपणाचं वाटतं. मलाही वाटायचं. पण त्यामागचं कारण कळलं की या छंदातलं बरंचसं कोडं सुटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पुस्तकाची दुर्मिळता दोन तऱ्हांची असते. एक आपोआप घडलेली. कुणीतरी चूक केली, प्रती कमी छापल्या, पुस्तक खपलं नाही, उरलेले गठ्ठे नष्ट झाले. त्या वेळी कुणाच्याच डोक्यात नव्हतं की पुढे लोक हे शोधत फिरतील. दुसरी ठरवून केलेली. प्रकाशक आधीच जाहीर करतो की आम्ही पाचशेच प्रती काढणार, प्रत्येकीवर क्रमांक घालणार आणि लेखकाची सही घेणार. पहिल्या तऱ्हेचा पुरावा तुम्हाला घडी, कोपरा, छापखान्याची खूण यांत शोधावा लागतो. दुसऱ्या तऱ्हेचा पुरावा पुस्तकात एका पानावर छापून दिलेला असतो. 'ही आवृत्ती इतक्या प्रतींपुरती मर्यादित असून ही प्रत अमुक क्रमांकाची आहे,' असं काहीसं वाक्य, खाली आकडा आणि सही. या पानाला लिमिटेशन पेज म्हणतात. मी त्याला सहीचं पान म्हणतो. ठरवून केलेल्या दुर्मिळतेत तुम्ही खरं तर हेच पान विकत घेता. चामड्याची बांधणी, चित्रं, लाकडी पेटी हे सगळं त्या पानाभोवती उभं केलेलं घर असतं.

भयकथाच का?

सही केलेल्या आणि क्रमांकित आवृत्त्या कवितेच्या निघतात, विज्ञानकथेच्या निघतात. पण भयकथेत त्यांचा जितका मोठा पसारा झाला तितका फार थोड्या ठिकाणी दिसतो. त्याचं कारण या साहित्याच्या गरिबीत आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली भयकथा बरीचशी स्वस्त मासिकांतून जगली. 'वीयर्ड टेल्स' हे त्यांतलं सर्वांत नावाजलेलं, १९२३ मध्ये सुरू झालेलं. कागद इतका हलका की काही वर्षांत तो पिवळा पडून कडांनी तुटायला लागे. एच. पी. लव्हक्राफ्टच्या बहुतेक गाजलेल्या कथा अशाच कागदावर आल्या. त्याच्या हयातीत पुस्तक म्हणून निघालं ते एकच, 'द शॅडो ओव्हर इन्समथ'. १९३६ मध्ये विल्यम क्रॉफर्ड नावाच्या एका हौशी माणसानं पेनसिल्व्हेनियातल्या एव्हरेट गावात ते काढलं. चारशेच्या आसपास प्रती छापल्या, त्यांतल्या जेमतेम दोनशे बांधल्या गेल्या, आणि छपाईच्या चुका इतक्या की शुद्धिपत्र घालावं लागलं. पुढच्याच वर्षी, मार्च १९३७ मध्ये, लव्हक्राफ्ट वारला.

त्याच्याशी पत्रव्यवहार असलेले दोन तरुण लेखक, ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्रेई, यांनी त्याच्या कथा ग्रंथरूपात आणायचं मनावर घेतलं. मोठ्या प्रकाशकांनी नकार दिला. मग डर्लेथनं स्वतःचं घर बांधायला काढलेल्या कर्जातले पैसे यात घातले आणि १९३९ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी या छोट्या गावात 'आर्कम हाउस' सुरू झालं. पहिलं पुस्तक 'द आउटसायडर अँड अदर्स'. १,२६८ प्रती. किंमत पाच डॉलर, आधी पैसे भरणाऱ्यांना साडेतीन. हा साठा संपायला चारेक वर्षं लागली.

या आकड्याकडे नीट पाहा. १,२६८ ही 'मर्यादित आवृत्ती' म्हणून ठरवलेली संख्या नव्हे. पैसे तेवढेच होते आणि वाचक त्याहून कमी. त्यावर सही नाही, कारण लेखक हयात नाही. तरीही भयकथेच्या संग्राहकांसाठी ते मैलाचा दगड मानलं जाणारं पुस्तक आहे. आवडत्या लेखकाच्या कथा रद्दीत जाऊ नयेत म्हणून वाचकांनीच प्रकाशक व्हायचं, ही या साहित्यातली परंपरा तिथून पडली. आजही भयकथांचे छोटे प्रकाशक बहुतेक आधी वाचक आणि संग्राहक असतात.

लेखक जिवंत असताना

१९७४ मध्ये 'कॅरी' आली आणि स्टीफन किंग बघता बघता लाखोंनी खपू लागला. लाखोंनी खपणाऱ्या लेखकाचं एखादं पुस्तक शेकड्यांतच उपलब्ध असेल तर काय होतं, हे १९८० मध्ये पहिल्यांदा दिसलं.

त्या वर्षी मिशिगनच्या फँटेशिया प्रेसनं 'फायरस्टार्टर'ची सही केलेली आवृत्ती काढली. ७२५ प्रतींवर आकडे आणि २६ प्रतींवर आकड्यांऐवजी A ते Z ही अक्षरं. नुसत्या विचारानं आग लावू शकणाऱ्या मुलीची ही कथा, म्हणून अक्षरांच्या त्या २६ प्रती ॲस्बेस्टॉसच्या कापडात बांधल्या होत्या, आग न लागणाऱ्या. ही कल्पना जुनी होती. रे ब्रॅडबरीच्या, पुस्तकं जाळणाऱ्या राज्यावरच्या 'फॅरनहाइट ४५१'च्या दोनशे सही केलेल्या प्रती १९५३ मध्ये अशाच बांधल्या गेल्या होत्या. (तेव्हा ॲस्बेस्टॉसचा धोका सामान्य माणसाला ठाऊक नव्हता. आज अशी प्रत हाताळायची वेळ आलीच, तर कापड घासायचं किंवा पुसायचं नाही.)

१९८२ मध्ये ऱ्होड आयलंडच्या डोनाल्ड एम. ग्रँट या प्रकाशकानं 'द डार्क टॉवर: द गन्सलिंगर' काढलं. साध्या १०,००० प्रती वीस डॉलरला आणि सही केलेल्या ५०० प्रती साठ डॉलरला. किंगच्या नेहमीच्या वाचकांना या पुस्तकाचा पत्ताच नव्हता. पुढच्या वर्षी 'पेट सेमेटरी'च्या सुरुवातीला लेखकाच्या पुस्तकांच्या यादीत हे नाव छापलं गेलं आणि पत्रांचा पाऊस पडला. हे पुस्तक कुठेय, आम्हाला का मिळत नाही? १९८४ मध्ये आणखी १०,००० प्रती काढाव्या लागल्या. सही नसलेल्या पहिल्या दहा हजारांतली प्रतसुद्धा आज जपून ठेवण्याची वस्तू आहे.

या प्रकरणानं एक प्रश्न पुढे आणला आणि मला तो अजूनही महत्त्वाचा वाटतो. गोष्ट वाचायचा हक्क सगळ्यांचा असतो. मर्यादित आवृत्ती काढून वाचकालाच बाहेर ठेवायचं का? माझं मत स्पष्ट आहे. जी गोष्ट साध्या आवृत्तीत कुणालाही मिळते तिचीच मर्यादित आवृत्ती काढावी. किंगनं स्वतःच्या फिल्ट्रम प्रेसतर्फे १९८४ मध्ये 'द आइज ऑफ द ड्रॅगन'च्या १,२५० प्रती काढल्या, त्यांतल्या विक्रीच्या हजार प्रती सोडत काढून विकल्या. किंमत १२० डॉलर. वशिल्यापेक्षा सोडत चांगली, आणि तीन वर्षांनी तीच कादंबरी सर्वांसाठी आली हे त्याहून चांगलं.

१९९० मध्ये 'द स्टँड'ची न कापलेली, पूर्ण आवृत्ती आली तेव्हा डबलडेनं आकड्यांच्या १,२५० आणि अक्षरांच्या ५२ प्रती काढल्या. काळं चामडं, लाल रेशमी अस्तराची लाकडी पेटी, ३२५ डॉलर. संग्राहक तिला 'कॉफिन' म्हणजे शवपेटीच म्हणतात. आणि १९९६ मध्ये एक मोठी गंमतीची अडचण आली. किंगनं रिचर्ड बाखमन या टोपणनावानं 'द रेग्युलेटर्स' लिहिलं. हा बाखमन १९८५ मध्येच 'वारला' असं किंगनं जाहीर केलेलं होतं. मेलेला माणूस सही कशी करणार? मग खास आवृत्तीत बाखमनच्या नावानं सही केलेले जुने चेक घातले. भयकथेच्या आवृत्तीत कथेचा खेळ सहीच्या पानापर्यंत चालू राहतो, आणि या छंदातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे.

पान तयार कसं होतं

पाचशे बांधलेली पुस्तकं लेखकाच्या घरी पाठवून कुणी सही घेत नाही. प्रकाशक सहीची सुटी पानं आधी छापतो आणि त्यांचा गठ्ठा लेखकाकडे पाठवतो. पाचशे हव्या असतील तर जास्तीची पानं असतात, कारण शाई फिसकटते, कोपरा दुमडतो, कपाचा डाग पडतो. लेखक सह्या करून गठ्ठा परत पाठवतो. चित्रकाराची किंवा प्रस्तावना लिहिणाऱ्याची सही हवी असेल तर गठ्ठा पुढे त्यांच्याकडे जातो. मग क्रमांक घातले जातात आणि पानं बांधणीत शिवली किंवा चिकटवली जातात. दहा लेखकांच्या कथासंग्रहावर दहाही सह्या असतील, तर तो गठ्ठा दहा घरं फिरून आलेला असतो. अशा पुस्तकाला वर्ष-दोन वर्षं उशीर होतो त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

म्हणून विकत घेताना हे पान बोटानं आणि डोळ्यानं तपासायचं. ते बांधणीत नीट बसलंय का? कागद इतर पानांपेक्षा वेगळा असू शकतो, ते चालतं. पण नंतर डिंक लावून चिकटवल्याची खूण दिसली तर थांबायचं. आकडा हातानं लिहिलाय की छापलाय, आणि त्याच आवृत्तीच्या इतर प्रतींत कसा आहे, हे जुळवून पाहायचं.

आवृत्तीचे थर साधारण असे असतात. सर्वांत खाली साधी प्रत, कधी सहीसकट कधी सहीविना. त्यावर आकड्यांची प्रत, काही शेकडा. सर्वांत वर अक्षरांची प्रत. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरं म्हणून २६ प्रती. दुप्पट केल्या की ५२. वरच्या थराला वेगळी बांधणी, वेगळा कागद, कधी चित्रकारानं त्या एकाच प्रतीत हातानं काढलेलं छोटं चित्र. याखेरीज लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांच्यासाठी 'पीसी' अशी अक्षरं लिहिलेल्या थोड्या प्रती असतात. त्या जाहीर संख्येत धरलेल्या नसतात. एखादा प्रकाशक २५० प्रती म्हणतो आणि वर तीसेक पीसी काढतो, तेव्हा ते सहीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असावं. मी ते वाक्य शोधतो. नसेल तर त्या प्रकाशकाच्या पुढच्या जाहिरातीकडे मी जरा सावधपणे बघतो.

आकडा १ असला की पुस्तक चांगलं, असं काही नसतं. ४१२ क्रमांकाची प्रत तितकीच खरी. पण एक व्यवस्था समजून घ्या. बरेच प्रकाशक एखाद्या लेखकाचं किंवा मालिकेचं ८७ क्रमांकाचं पुस्तक घेणाऱ्याला पुढच्या पुस्तकाचा ८७ क्रमांक आधी देऊ करतात. कपाटात एकाच आकड्याची रांग उभी राहते. तिच्यात एक पुस्तक न घेतलं तर हक्क जातो. या भीतीपोटी लोक न आवडलेली पुस्तकंही घेत राहतात. मी एकदा अशा रांगेत चार पुस्तकं घेतली, त्यांतली दोन अजून वाचलेली नाहीत. पाचवं सोडलं तेव्हा मोकळं वाटलं.

आज या क्षेत्रात कोण आहेत ते थोडक्यात सांगतो. मेरिलंडमधलं सेमेटरी डान्स १९८८ मध्ये मासिक म्हणून सुरू झालं आणि मग पुस्तकांकडे वळलं. मिशिगनचं सबटेरेनियन प्रेस, कोलोरॅडोचं सेंटिपीड प्रेस, कॅलिफोर्नियाचं सनटप, इंग्लंडमधलं पीएस पब्लिशिंग. यॉर्कशायरचं टार्टारस प्रेस जुन्या, विसरलेल्या भूतकथा सुंदर साध्या रूपात काढतं. सही महत्त्वाची नसून चांगल्या कागदावरची चांगली भूतकथा हवी असेल, तर मी नवख्यांना टार्टारसकडे पाठवतो.

सही

सगळ्या सह्या सारख्या नसतात. नुसती सही, कुणाला तरी उद्देशून लिहून केलेली सही, वेगळ्या चिठ्ठीवर करून चिकटवलेली सही, आणि सहीच्या सुट्या पानावरची सही, असे ढोबळ प्रकार आहेत. बाजारात नुसत्या सहीला मागणी जास्त, कारण 'प्रिय अमुकला' असं लिहिलेली प्रत तिसऱ्याला आपलीशी वाटत नाही. माझा कल उलटा आहे. तारीख, गाव आणि दोन शब्द असलेली सही खोटी करणं जास्त अवघड असतं, आणि तिच्यात एक क्षण पकडलेला असतो.

तो 'अमुक' कुणी महत्त्वाचा असला की मग गणितच बदलतं. मेरी शेलीची 'फ्रँकन्स्टाइन' १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना, तीन खंडांत आली. ५०० प्रती. मूळ पुठ्ठ्यांतला एक संच २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ११ लाख ७० हजार डॉलरला गेला. त्याआधी, २०१२ मध्ये, लंडनमध्ये फक्त पहिला खंड विक्रीला आला होता. त्याच्या कोऱ्या पानावर मेरीच्या अक्षरात लिहिलंय, 'लॉर्ड बायरनला, लेखकाकडून.' ज्या कवी बायरननं १८१६ च्या त्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी सगळ्यांना भूतकथा लिहा म्हणून सुचवलं, आणि त्यातून हे पुस्तक जन्मलं, त्याच बायरनला दिलेली ही प्रत. संचातले बाकीचे दोन खंड नाहीत, तरी त्या एका ओळीपुढे ते उणेपण काहीच नाही.

आता खोटेपणा. किंगसारख्या लेखकाच्या खोट्या सह्या पुष्कळ फिरतात. माझी स्वतःची फसगत झाली ती एका विक्रेत्याकडून 'प्रमाणपत्रासह' घेतलेल्या प्रतीत. प्रमाणपत्र त्यानंच छापलेलं होतं. तेव्हापासून कागदापेक्षा प्रवासावर भर देतो. हे पुस्तक कुणाकडून कुणाकडे आलं? सही कुठे, कोणत्या कार्यक्रमात झाली? त्या काळातल्या खात्रीच्या सह्यांशी ती जुळते का? माणसाची सही वीस-तीस वर्षांत बदलते, म्हणून १९७७ च्या पुस्तकावर २०१० च्या वळणाची सही असेल तर ती नंतर केलेली असू शकते, पण विक्रेता 'प्रकाशनाच्या दिवशीची' म्हणत असेल तर खोटं बोलतोय. खरी सही वेगात होते. रेघेची जाडी बदलते, शेवट निमुळता होतो. नक्कल करणारा सावकाश काढतो, त्यामुळे रेघ एकसारखी जाड आणि टोकं बोथट दिसतात.

यंत्रही सही करतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॉब डिलनच्या एका पुस्तकाच्या 'हातानं सही केलेल्या' ९०० प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या प्रतींचे फोटो एकमेकांना दाखवले, आणि सह्या एकावर एक ठेवल्या तर तंतोतंत बसू लागल्या. ऑटोपेन नावाचं यंत्र वापरलेलं होतं. प्रकाशकानं पैसे परत केले, डिलननं माफी मागितली. हे भयकथेतलं पुस्तक नव्हे, पण त्यातली तपासाची रीत प्रत्येक संग्राहकानं शिकण्यासारखी आहे. दोन खऱ्या सह्या कधीच हुबेहूब सारख्या नसतात. हुबेहूब सारखेपणा हाच खोटेपणाचा पुरावा.

पहिली आवृत्ती ओळखणं

ठरवून केलेल्या दुर्मिळतेत पान सांगतं. आपोआप झालेल्या दुर्मिळतेत छापखान्याच्या खुणा वाचाव्या लागतात. पुष्कळ अमेरिकी पुस्तकांत हक्कपृष्ठावर १ ते १० अशा आकड्यांची ओळ असते. त्यांतला सर्वांत लहान आकडा म्हणजे मुद्रणाचा क्रमांक. १ दिसतोय तर पहिलं मुद्रण.

डबलडेच्या सत्तरच्या दशकातल्या पुस्तकांची खूण मात्र वेगळी, आणि मला ती फार आवडते. शेवटच्या काही पानांत, आतल्या बाजूला, बांधणीला लागून बारीक अक्षरांत एक अक्षर आणि एक आकडा असतो. 'कॅरी'त पान १९९ वर P6, 'सेलम्स लॉट'मध्ये पान ४३९ वर Q37, 'द शायनिंग'मध्ये पान ४४७ वर R49. अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे आठवडा. Q म्हणजे १९७५, म्हणजे 'सेलम्स लॉट' त्या वर्षाच्या सदतिसाव्या आठवड्यात, सप्टेंबरात छापली गेली. पुस्तक ऑक्टोबरात आलं, म्हणजे जुळतं. हक्कपृष्ठावर 'पहिली आवृत्ती' असं छापलेलं असलं तरी ही खूण पाहायची.

बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, स्वस्त प्रती दिसायला जवळजवळ सारख्या असतात आणि बहुतेक नवखे तिथेच फसतात. वेष्टनाच्या घडीवर किंमत नसणं, पुस्तक किंचित लहान आणि हलकं असणं, मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात दाबून उठवलेली छोटी खूण असणं, ही त्यांची चिन्हं. अशी प्रत वाचायला घ्या. संग्रह म्हणून पैसे देऊ नका.

आपल्या हवेत

मर्यादित आवृत्त्या अमेरिका-इंग्लंडच्या कोरड्या घरांसाठी बांधलेल्या असतात. आपल्याकडे त्या पोचतात तेव्हा प्रवासखर्चाशिवाय सीमाशुल्कही लागतं. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात केलेल्या छापील पुस्तकांवर ५ टक्के शुल्क लावलं गेलं. पण खरा खर्च जूननंतर सुरू होतो. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा, इथे पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर राहते. चामडं बुरशी पकडतं, कापडी बांधणीवर पांढरे ठिपके येतात, कागदावर तपकिरी डाग उठतात, आणि बांधणीतल्या सरसाच्या मोहानं कसर येते.

माझं एक पुस्तक घट्ट पेटीतच होतं, म्हणून निर्धास्त होतो. पेटी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली होती. सप्टेंबरात उघडली तेव्हा पेटीचं अस्तर आणि पुस्तकाचा मागचा पुठ्ठा एकमेकांना चिकटले होते. पेटी ओल बाहेर ठेवते तशी आतही कोंडून ठेवते, हे त्या दिवशी कळलं. आता मी कपाट आतल्या भिंतीला ठेवतो, मागे चार बोटं जागा सोडतो, सिलिका जेलच्या पुड्या घालतो आणि दर महिन्याला सुकवतो. कोरड्या दिवशी पेट्या उघडून पुस्तकं अर्धा तास बाहेर काढतो. वेष्टनाला पारदर्शक पॉलिएस्टरचं आवरण घालतो. साधं प्लास्टिक नको, ते काही वर्षांनी चिकट होतं. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, त्या कागदातलं आम्ल पुठ्ठ्यात उतरतं. जुन्या पोथ्यांत वेखंड आणि कडुनिंबाची पानं ठेवायचे. मी वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवतो, पुस्तकाला टेकू देत नाही. उन्हापासूनही जपायचं, लाल आणि पिवळ्या पाठींचा रंग सगळ्यांत आधी उडतो.

प्रतीची अवस्था हा किमतीतला सर्वांत निष्ठुर भाग आहे. वेष्टन नसलेली पहिली आवृत्ती वेष्टनासह असलेल्या प्रतीच्या लहानशा हिश्श्याला विकली जाते. डबलडेची ती पुस्तकं हलक्या कागदाची आणि डिंकानं बांधलेली, वाचली की पाठ तिरकी होते. म्हणून न वाचलेली प्रत महाग. मला याचं वाईट वाटतं, पण बाजार असाच आहे, आणि घेताना डोळे उघडे ठेवलेले बरे.

मराठीतलं सहीचं पान

मराठी भयकथेला क्रमांकित, पेटीबंद आवृत्तीची परंपरा नाही. धारप आणि रत्नाकर मतकरी वाचले गेले ते वाचनालयांतून. त्यांच्या जुन्या आवृत्त्यांच्या प्रती आज मिळतात तेव्हा त्या बहुधा जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेल्या असतात. मूळ मुखपृष्ठ बाइंडरनं फाडलेलं, पानापानावर शिक्का, मागे तारखांची चिठ्ठी. म्हणजे इथली दुर्मिळता आपोआप घडलेली आहे, वाचून वाचून झालेली. मूळ मुखपृष्ठासकट, शिक्क्याविना असलेली पहिली आवृत्ती आमच्यासाठी त्या न कापलेल्या कोपऱ्याइतकीच अवघड. एक सावधगिरी मात्र घ्यावी लागते. मराठीत पुष्कळदा प्रत्येक नव्या छपाईला 'आवृत्ती'च म्हणतात, पुनर्मुद्रण म्हणत नाहीत. त्यामुळे मुखपृष्ठावर विसंबू नका, आतलं हक्कपृष्ठ वाचा.

सह्या आहेत. फक्त त्यांना आकडे नाहीत. 'सप्रेम भेट' लिहून लेखकानं मित्राला, संपादकाला, शेजाऱ्याला दिलेली प्रत, ही आपली सहीची रीत. अशी प्रत घर बदलताना किंवा आजोबा गेल्यावर किलोच्या भावानं रद्दीत जाते. गेल्या दिवाळीत ओळखीच्या रद्दीवाल्याकडे मी गठ्ठ्यातलं एकेक पुस्तक उघडून पहिलं कोरं पान पाहत होतो. तो म्हणाला, "साहेब, आत पैसे ठेवलेत का कुणी?" मी त्याला एक पान दाखवलं. शाई फिकी झाली होती, लेखकाची सही होती, खाली गाव आणि १९७२ चा गुढीपाडवा. त्यानं ते वाचलं, मागे ठेवलेली आणखी दोन गोणी ओढून पुढे आणली आणि म्हणाला, "मग हीपण बघून घ्या."